चामड्यावर हाताची नक्षी: ठसे, फिरता चाकू आणि नागपूरचं ऊन

मृगनक्षत्र

नमस्कार मंडळी. भरतकाम, लाकूडकाम, कुंभारकाम यांवर या मंचावर चर्चेचे धागे आहेत; चामड्याच्या नक्षीवर शोधूनही सापडला नाही, म्हणून उघडते आहे. मी मानेवाड्याला राहते. कंबरपट्टे, वहीची कव्हरं, चाव्यांच्या पट्ट्या असलं काही-बाही घरी करते आणि ओळखीत विकते.

ज्यांनी हे काम पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. चामडं ओलं करायचं. फिरत्या पात्याच्या चाकूने, म्हणजे स्विव्हल नाइफने, चित्राची रेघ कापायची. मग रेघेच्या एका बाजूला तिरक्या तोंडाचा ठसा ठेवून मोगरीने ठोकत जायचं. ती बाजू दबते आणि दुसरी बाजू वर आल्यासारखी दिसते. कोरून काहीही काढत नाहीत, सगळं दाबून. हे टूलिंग. नुसते ठसे ओळीने मारत गेलं की झालं स्टॅम्पिंग. त्यात विणलेल्या टोपलीची नक्षी सगळ्यांची आवडती, कारण चाकू लागत नाही, एक सरळ रेघ आखली की पुरे.

माझी अडचण अशी की ठोकताना ठसा झकास दिसतो आणि वाळला की निम्मा बुजतो. शिवाय इथल्या मे महिन्यात एका टोकाला नक्षी करेपर्यंत दुसरं टोक सुकून जातं. आणि बाहेरून मागवलेले ठसे महाग पडतात, घरी कोणी करतं का? नागपुरातलेच कोणी असतील तर फारच बरं. माझ्या गुलाब-वेलींच्या कामाचे फोटो सोबत टाकते आहे.

रापीवाला

ताई, पहिले चामडं, मंग ठसा. आमचं तिसऱ्या पिढीचं दुकान हाय. बुटं-चपला, घोड्याचा साज, न पोळ्याले बैलाचे पट्टे. ठसा बुजते म्हणजे एकतर चामडं क्रोमचं, म्हणजे क्रोमियमच्या क्षारानं कमावलेलं हाय, नाईतर पाणी जास्त झालं. दोन्ही पाहून घ्या.

कडेचा करंगळीएवढा तुकडा कापा न उकळत्या पाण्यात टाका. झाडाच्या सालीनं कमावलेलं असन तं लगेच आवळते, वळते, कडक होते. क्रोमचं तसंच्या तसं राह्यते. दुकानदाराले विचारून काई फायदा नाई, तो "हो हो, व्हेज टॅनच आहे" म्हणनच. कापलेली कडही पाहा. क्रोमवाल्याच्या पोटात निळसर करडं दिसते, सालवाल्याचं आरपार भुरं. पण आतपर्यंत रंग दिला असन तं कड फसवते. म्हणून उकळत्या पाण्याचीच परीक्षा खरी.

मृगनक्षत्र

केलं. टाकल्याबरोबर आवळला आणि वळला, बाहेर काढला तर नखाने वाजवावा इतका कडक. म्हणजे चामडं बरोबर आहे. मग पाणीच?

प्राजक्ता_पुणे

पाणीच. थोडं कारण सांगते, म्हणजे नियम पाठ करावे लागत नाहीत. कातड्यात कोलाजेनचे धागे असतात. बाभळीची साल, हिरडा, तरवड यांतलं टॅनिन त्या धाग्यांमध्ये भरून बसतं, म्हणून चामडं भरीव होतं. ओलं असताना हे धागे सरकतात, दाबलं की जागा बदलतात आणि वाळताना त्याच जागी अडकतात. क्रोममध्ये भरणा कमी आणि धागे लवचीक राहतात, त्यामुळे दाब काढला की उसळून वर येतात. बुटाच्या वरच्या भागाला तोच गुण हवा असतो, आपल्याला नको असतो.

आता पाण्याचं. स्पंजने सगळा तुकडा सारखा ओला करायचा, जाड असेल तर मागूनही. मग ठोकायला घ्यायचं नाही. प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून रात्रभर ठेवायचं, म्हणजे ओल आतपर्यंत सारखी पोचते. सकाळी उघडून ठेवायचं आणि वाट पाहायची. वरचा रंग जवळजवळ मूळचा होतो, पण गालाला लावलं तर गार लागतं. ती वेळ.

खात्री ठशाच्या तळाशी होते. ओल बरोबर असेल तर ठसा पडतो तिथे चामडं गडद तपकिरी होतं, रंग न लावता. ती छटा आली नाही आणि ठशाभोवती पाणी चमकलं तर अजून ओलं आहे. असा ठसा पडताना खोल दिसतो आणि नंतर फुगून येतो. उलट फार सुकलं असेल तर ठसा उथळ पडतो आणि पृष्ठभागाला बारीक चिरा जातात. मृगनक्षत्र, तुमच्या ठशाला तपकिरी तळ येतो का?

मृगनक्षत्र

नाही! सगळं एकाच फिक्या रंगाचं. मी स्प्रे मारून लगेच ठोकायला बसते.

सावजी_रस्सा

आमच्याकडे मे महिन्यात माणूस सुकतो, चामड्याचं काय घेऊन बसलात.

रापीवाला

हसू नका भाऊ, मे महिन्याचा इलाज ऐका. पहाटे बसा. पाचले ऊठा, आठच्या आत ठोकणं संपवा. नाई जमलं तं कूलरच्या खोलीत बसा, पण झोतात नाई, बाजूले. कूलरच्या हवेत ओल असते, झोतात मात्र वरचा थर लवकर सुकते न आत ओलं राह्यते, ते जास्त वाईट. जेवढ्यावर काम चालू हाय तेवढंच उघडं ठेवा, बाकीच्यावर प्लास्टिक. मधातच वरून स्प्रे मारत बसू नका, डाग पडते न ओल कमी-जास्त होते. सुकलंच तं सगळा तुकडा पुन्हा ओला करा.

पावसाळ्यात उलटं. ओलं चामडं पिशवीत जास्त दिवस राहिलं का बुरशी. तवा पिशवी फ्रिजमधे ठेवा, घरच्यांले सांगून.

प्राजक्ता_पुणे

फ्रिजला अनुमोदन. ओलं करायच्या पाण्यात माउथवॉशचे थोडे थेंब टाकतात बरेच जण, बुरशी लांब राहते.

आणखी एक. कव्हरासारखा पातळ तुकडा ठोकून ठोकून पसरतो आणि वाकडा होतो. ठोकण्याआधी मागच्या बाजूला पॅकिंगची चिकटपट्टी पूर्ण लावून टाका. वाळल्यावर काढायची.

बोल्टनट

ठशांबद्दल लिहितो. हिंगणा एमआयडीसीत टूलरूममध्ये आयुष्य गेलं, आता निवृत्त. सुनेला हा छंद लागला आणि तिचे ठसे मी करून देतो.

लोहा ओळीत जाऊन आठ आणि दहा मिलिमीटरचे बोल्ट घ्या, लांब. डोकं कापून टाका, आटे नसलेलं टोक कानशीने सपाट करा. त्यावर आकार द्या: अश्रूच्या थेंबासारखा, अर्धचंद्र, तिरकी उतरण. पार्श्वभूमी दाबायच्या ठशाला बारीक चौकटी पाडायच्या तर त्रिकोणी सुईकानस वापरा. इथवर सगळे करतात. पुढचं कोणी करत नाही आणि तिथेच काम बिघडतं: ठशाच्या तोंडाची प्रत्येक धार मोडायला हवी. अगदी किंचित, नखावरून फिरवली तर अडकू नये इतकी. नाहीतर ठसा चामडं दाबत नाही, कापतो, आणि वापरता वापरता त्या जागी फाटतं. चारशेचा पॉलिश पेपर, मग हजारचा, मग कापडावर बफिंगचा साबण. तोंडात ट्यूबलाइट दिसली पाहिजे.

हातोडी लोखंडी नको. ठशाची मागची बाजू फुलते आणि फटका उसळतो. लाकडी किंवा नायलॉनची मोगरी. खाली ग्रॅनाइट हवा. ओट्याचा दगड कापून देणाऱ्यांकडे सिंकच्या भोकाचा तुकडा पडलेला असतो, बहुतेक जण फुकट देतात. त्याच्याखाली रबराची चटई आणि घडी घातलेलं पोतं, म्हणजे खालच्या मजल्यावरचे लोक वर येत नाहीत.

गेरूकाव

काका, साध्या लोखंडी बोल्टने माझ्या चामड्यावर निळे-काळे डाग पडले. ठसा पुसून घेतला होता तरी. बोल्टवर तेल होतं का?

बोल्टनट

तेल नाही, लोखंडच. बोल्टवरचा जस्ताचा मुलामा कानशीत निघून जातो आणि उघडं लोखंड ओल्या चामड्याला लागतं. म्हणून सुनेसाठी मी आता स्टेनलेसचे बोल्ट वापरतो, नाहीतर पितळी सळई. स्टेनलेस घासायला त्रास, पितळ घासायला मजा. पितळ मऊ असलं तरी चामड्यापुढे वर्षानुवर्षं टिकतं. विकतच्या ठशांवर चकचकीत मुलामा असतो तो शोभेचा नाही, याच कारणासाठी आहे.

प्राजक्ता_पुणे

टॅनिन आणि लोखंड भेटले की काळा रंग तयार होतो. हिरड्याचं पाणी आणि लोखंड यांपासून पूर्वी शाई करत, तीच क्रिया. डाग ताजा असेल तर लिंबाचा रस चोळून साध्या पाण्याने पुसा, बराच उतरतो. हट्टी डागाला ऑक्झॅलिक ॲसिडचं फार सौम्य द्रावण चालतं, पण ते विषारी आहे. हातमोजे घाला आणि स्वयंपाकघरातलं भांडं वापरू नका.

हीच क्रिया मुद्दाम केली तर फुकटात काळा रंग मिळतो. जुने खिळे किंवा लोखंडी तारेची घासणी पांढऱ्या व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवायची, झाकण सैल, कारण वायू सुटतो. काही दिवसांनी गाळून ब्रशने लावायचं. चामडं डोळ्यांदेखत काळं होत जातं. हा काळा वरून लावलेल्या रंगासारखा हाताला किंवा शर्टाला लागत नाही, चामड्यातच तयार होतो. नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने पुसून आम्लता काढायची आणि तेल द्यायचं. फिकट करडंच राहिलं तर चामड्यात टॅनिन कमी आहे. आधी हिरड्याच्या पुडीचं पाणी लावून वाळवा आणि मग हे द्रावण. हिरडा इतवारीत कुठल्याही पसाऱ्याकडे मिळेल, तुमच्याकडच्या जंगलातलाच माल.

लेझरमॅन

एवढी उठाठेव कशाला? डिझाइन कॉम्प्युटरवर काढा, लेझरवर दहा मिनिटांत दहा कव्हरं.

मृगनक्षत्र

मिळतील, पण ती वेगळी वस्तू. लेझर जाळतो, त्याची रेघ काळपट आणि एकाच खोलीची. दाबलेल्या चामड्याला उतार असतो, बोट फिरवलं की चढ-उतार लागतात, आणि वापराने त्या उतारांवर तेल-मळ वेगवेगळा बसून नक्षी आणखी उठते. एखाद्या कंपनीला दोनशे कव्हरांवर चिन्ह हवं असेल तर मी स्वतः सांगते, पितळी डाय करा आणि गरम प्रेसवर दाबून घ्या. हाताने दोनशे ठोकण्यात काही शौर्य नाही.

प्राजक्ता_पुणे

लेझरवाल्यांना एक विनंती: क्रोमचं चामडं जाळू नका. क्रोमियम जळताना त्याचं घातक रूप तयार होऊ शकतं.

चितारओळ

धागा वाचून राहवलं नाही. आमचं घराणं मातीचं, गणपती आणि मारबतीचं, पण उठाव म्हटलं की माती काय आणि चामडं काय, डोळा एकच लागतो. फोटो पाहिले. ताई, तुमच्या फुलात सगळ्या पाकळ्या एका पातळीवर आहेत. आधी ठरवा, सगळ्यात पुढे कोण. त्याच्या कडेला बाहेरून दाबा. मग त्याच्या मागचा, त्याच्या कडेला दाबा, पण पुढच्याला धक्का न लावता. सगळ्यात शेवटी जमीन, म्हणजे पार्श्वभूमी, ती सगळ्यात खोल. नवशिक्या लोकांची जमीनच उथळ राहते, म्हणून चित्र चिकटवल्यासारखं दिसतं.

आणि ते गुलाब, ती वेल? इंटरनेटवरचं सगळं तेच तेच.

मृगनक्षत्र

ती शेरिडन शैली दादा. शेरिडन हे अमेरिकेत वायोमिंगमधलं गाव. तिथले खोगीर बनवणारे डॉन किंग यांच्यामुळे ती नावारूपाला आली. गोल गोल वळणाऱ्या वेलींत लहान फुलं दाटीने बसवायची, कारण खोगिराला जागा भरून काढायची असते. शिकायला उत्तम आहे, चाकूची सगळी वळणं त्यात येतात.

चितारओळ

शिका की. पण शिकून झाल्यावर आपलं काढा. पळस घ्या. पळसाला पानं तीनच, त्यामुळे रचना आयतीच मिळते: मधलं पान पुढे, बाजूची दोन मागे. ठसेही तीनच लागतील, एक कड दाबायला, एक शिरांना, एक जमिनीला. फूल वाकडं, चोचीसारखं, रेघ एकदम जोरकस येते. संत्र्याचं पान घेतलंत तर देठाकडे बघून काढा. देठाला दोन्ही बाजूंनी बारीक पंख असतात. ते नसले तर ते आंब्या-जांभळाचं कुठलंही पान होईल.

मृगनक्षत्र

पळस! हे डोक्यात आलंच नव्हतं. शिरा चाकूने कापू का ठशाने?

चितारओळ

मधली शीर चाकूने, बाकीच्या ठशाने. पण चाकूच्या शोभेच्या रेघा अगदी शेवटी, सगळं ठोकून झाल्यावर. आधी काढल्या तर ठोकताना मिटतात. हे मातीतही असंच.

गेरूकाव

चाकू किती खोल घालायचा? माझा अडखळतो, ओढल्यासारखा चालतो.

मृगनक्षत्र

जाडीच्या साधारण एक तृतीयांश. अडखळतो म्हणजे पात्याला पॉलिश नाही. नवं पातंही दुकानातून आणल्यावर तसंच वापरू नका. पुठ्ठ्यावर किंवा चामड्याच्या पट्टीवर हिरवा बफिंग साबण चोळून त्यावर पातं मागे ओढत राहा, धारेच्या दिशेने ढकलायचं नाही. काम करतानाही मध्ये मध्ये. आणि चाकू मनगटाने वळवू नका. तर्जनी वरच्या खोबणीत दाब देते, अंगठा आणि मधलं बोट दांडा फिरवतात.

काटोलकर

सर्वांना नमस्कार. मला तान्ह्या पोळ्यासाठी पुतण्याच्या लाकडी बैलाला खऱ्या चामड्याचा पट्टा करायचा आहे, घुंगरं लावून. बोटभर रुंदीचा. पट्टी कापली, त्यावर चांदण्यांचा ठसा मारला तर कडा नागमोडी झाल्या.

रापीवाला

भाऊ, पहिले ठोका, मंग कापा. प्रत्येक फटक्यानं चामडं थोडं पसरते. अरुंद पट्टी असन तं पसरायले जागा बाजूलेच, म्हणून कड लाटेसारखी होते. रुंद तुकड्यावर ओळ मारा, पूर्ण वाळू द्या, मंग दोन्हीकडून पट्टी काढा. बैलाच्या मोठ्या पट्ट्यालेही आम्ही असंच करतो. घुंगराच्या टाक्याची भोकं नक्षी वाळल्यावर.

पोळ्याच्या आधी दोन हप्ते तरी करून ठेवा. आमच्याकडे लोक आदल्या दिवशी येतात न म्हणतात, "आजच पायजे."

काटोलकर

समजलं, धन्यवाद दादा. आणि चामडं कोणतं? इथे दुकानात म्हशीचं म्हणून देतात.

रापीवाला

म्हशीचंच मिळन. राज्यात २०१५ पासून बैलाच्याही कत्तलीवर बंदी हाय, त्यामुळे इथलं जाड चामडं म्हणजे म्हैस. तिचा दाणा मोठा, सुरकुत्या जास्त. बारीक फुलं-बिलं त्याच्यात हरवते. ठळक ठसे, चांदण्या, दोरखंडाची कड, हे मस्त बसते. पाठीचा भाग मागा, पोटाचा नको. पोटाचं चामडं पोकळ असते, ठसा पसरट होते न पट्टा वर्षभरात लांबते. जाड माल किलोवर मिळते, पातळ फुटावर. लाकडी बैलाले अडीच मिलिमीटर पुरे, कंबरपट्ट्याले साडेतीन.

प्राजक्ता_पुणे

बारीक कामासाठी तमिळनाडूकडचं साल-कमावलेलं चामडं पाहा, व्यापारी त्याला ईआय, म्हणजे ईस्ट इंडिया म्हणतात. शेळी-मेंढीचं पातळ असतं, त्यावर खोल नक्षी होणार नाही, पण उथळ उठाव आणि ब्रशने रंग छान बसतात. शांतिनिकेतनच्या पिशव्या आणि बटवे त्याच जातीचं काम. रथींद्रनाथ टागोर आणि प्रतिमादेवींनी ते तिथे रुजवलं, त्याला भौगोलिक मानांकनही आहे. कोल्हापुरी चपलेचं चामडं आपल्या कामाला चालतं, तेही बाभळीच्या सालीचं आणि हिरड्याचं.

गेरूकाव

मी वर्कशॉप शोधत होते. मुंबईला दोन दिवसांचे फार पैसे सांगतात. नागपुरात कोणी शिकवतं का?

रापीवाला

ताई, पैसे देऊन चामड्याची बॅग विकत घेणारा माणूस शिकवायच्या क्लासले खुशीनं जाते, पण रस्त्याच्या कडेले रापी-आरी घेऊन बसलेल्याले कोणी विचारत नाई. आमच्या बापानं कोणाले नाही म्हटलं नाई कधी. फक्त दुपारी दोन ते चार येऊ नका, तवा ते झोपतात.

मृगनक्षत्र

दादा, मी येणार. पिशवीत ठेवून, वाट पाहून आज सकाळी पुन्हा ठोकलं. तपकिरी तळ आला! वाळल्यावरही तसाच आहे, फोटो टाकते. आता तेलाचं सांगा. घरात खोबरेल आहे.

रापीवाला

खोबरेल नको. थंडीत गोठते न चामड्यावर पांढरट थर येते, मंग गिऱ्हाईक म्हणते बुरशी लागली. मोहरीचं चिकट होते. नीट्सफूट तेल, म्हणजे गुराच्या पायाच्या हाडापासून काढलेलं, ते आणा, नसन तं एरंडेल, अगदी थोडं, कापडानं. एका रात्रीत सारखं पसरते, म्हणून पहिल्यांदा डाग-डाग दिसलं तं आणखी ओतू नका. न वरून मेण.

बोल्टनट

काटोलकर, चांदणीचा ठसा कोणता वापरलात? कोपरे टोकदार असतील तर तिथे चामडं फाटेल. पत्ता संपर्कातून पाठवा, स्टेनलेसमध्ये एक करून ठेवला आहे, कुरिअर करतो.

काटोलकर

काका, पाठवलाय. चांदणी पाच कोपऱ्यांची हवी, पुतण्याची अट आहे.

बोल्टनट

सहा कोपऱ्यांची आहे. कानशीला सहा सोपे जातात. पुतण्याला विचारून सांगा, नाहीतर नवीन घासतो.